जुना तव्यांचा वखर : तपासणी, दुरुस्ती आणि निगा



महाशिवरात्रीची प्रतापगडची यात्रा आटोपली की आपल्या भागात शेतीच्या कामाला थोडी उसंत मिळते. हलका, निमगरवा आणि भारी धान घरी आलेला असतो. लाखोरी, जवस, हरभरा निघू लागलेला असतो. इटियाडोहाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणारे सोडले तर बहुतेकांच्या बांध्या रिकाम्या असतात. अवजारे दुरुस्त करण्याचा काळ हाच. प्रत्यक्षात मात्र आपण अवजाराकडे वळतो ते रोहिणी नक्षत्र लागल्यावर. त्या वेळी वेल्डिंगच्या दुकानापुढे रांग असते, सुटा भाग तालुक्याला मिळत नाही आणि पहिल्या पावसाचा वाफसा निघून जातो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील अनेक घरांच्या मागे मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली एक जुना तव्यांचा वखर पडलेला दिसतो. पुस्तकात यास तव्यांचा कुळव म्हणतात, बाजारात डिस्क हॅरो. रोटाव्हेटर आल्यापासून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. गेल्या उन्हाळ्यात प्रतापगड परिसरात एका शेतकऱ्याने असाच एक वखर भंगारवाल्यास देण्याचे ठरविले होते. माल वजनावर जाणार होता. तवे झिजलेले आणि गंजलेले होते, एक बेअरिंग अडकलेले होते. परंतु चौकट सरळ होती आणि दोन्ही आस शाबूत होते. अशा वखरास भंगार म्हणणे म्हणजे चाकाची धाव झिजली म्हणून बैलगाडी मोडण्यासारखे आहे. कोणता वखर दुरुस्त करावा, कोणता विकावा आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

वखर कशासाठी ठेवावा?

रोटाव्हेटर चिखलणीस उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु धान कापणीनंतर कोरड्या बांधीत धसकटे कापणे, नांगरटीनंतर निघालेली ढेकळे फोडणे आणि शेणखत मातीत मिसळणे ही कामे तव्यांचा वखर चांगली करतो. त्याला गिअरबॉक्स नाही, ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.ची गरज नाही, आणि त्याचा प्रत्येक भाग गावातील कारागिरास समजण्यासारखा आहे. धानावरील खोडकिडीच्या अळ्या कापणीनंतर धसकटात राहतात. उन्हाळ्यात धसकटे उखडून, कापून उन्हात उघडी पडली तर या अळ्यांचा बराच नाश होतो. म्हणजे वखर नीट चालला तर पुढील हंगामातील फवारणीचा भारही हलका होतो.

भागांची ओळख

दुरुस्तीपूर्वी भागांची नावे आणि कामे लक्षात घ्यावीत.

१) तवा : कर्बयुक्त कठीण पोलादाची खोलगट थाळी. मध्यभागी चौकोनी भोक असते. पुढील ओळीत बहुधा कातरे म्हणजे दातेरी काठाचे तवे आणि मागील ओळीत सपाट काठाचे तवे असतात. दातेरी तवे धसकटे व काडीकचरा कापतात, सपाट तवे माती भुसभुशीत करतात.

२) आस : सर्व तवे ज्या चौरस दांड्यावर ओवलेले असतात तो. यास गँग बोल्टही म्हणतात. आस आणि त्यावरील तवे मिळून एक गँग होते. गँगमधील सर्व तवे एकत्र फिरतात.

३) स्पूल : दोन तव्यांत ठरावीक अंतर राखणारा बिडाचा पोकळ तुकडा. त्याची दोन टोके सारखी नसतात. एक टोक तव्याच्या फुगीर पाठीवर बसेल असे खोलगट, तर दुसरे तव्याच्या पोटात बसेल असे फुगीर असते.

४) बेअरिंग : गँगचा भार चौकटीला जोडणारा भाग. जुन्या वखरात बिडाचे साधे बुश, तर नंतरच्या वखरात बॉल बेअरिंग असते.

५) खरडणी : तव्याला चिकटलेली माती काढणारी पट्टी.

६) चौकट व जोडणी : लोखंडी अँगल किंवा चौकोनी पाइपाची चौकट आणि ट्रॅक्टरच्या तीन कड्यांना जोडणाऱ्या पिना.

आधी सुरक्षितता

वखर कठीण व सपाट जागेवर आणावा. दोन्ही ओळींखाली मजबूत लाकडी ओंडके द्यावेत, हायड्रॉलिक खाली करून भार ओंडक्यांवर टाकावा, ट्रॅक्टरचे इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. केवळ हायड्रॉलिकवर उचललेल्या वखराखाली हात किंवा डोके कधीही घालू नये. नळी फुटली किंवा कोणाचा धक्का दांडीला लागला तर वखर क्षणात खाली येतो. तव्यांची धार हात कापते, म्हणून जाड हातमोजे वापरावेत. हातोडा व ग्राइंडर चालविताना डोळ्यांना चष्मा असावा.

तपासणी : भाग खोलण्यापूर्वी

माती खरडून व वखर धुऊन घेतल्याशिवाय तपासणी करू नये. मातीखाली भेगा दिसत नाहीत. त्यानंतर पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, हलवून पाहणे. एक तवा वर आणि खाली धरून जोराने हलवावा. तवा एकटाच आसावर हलला तर गँग सैल आहे. तव्याबरोबर पूर्ण गँग हलली तर बेअरिंग किंवा बुश झिजले आहे. या एका परीक्षेने निम्मे निदान होते.

दुसरी, तव्याचे माप. प्रत्येक तव्याचा व्यास मोजून खडूने त्यावर लिहावा. समजा नवा तवा ५६ सेंटिमीटरचा होता आणि आता तो ५० सेंटिमीटर राहिला. व्यास ६ सेंटिमीटरने कमी झाला म्हणजे त्रिज्या ३ सेंटिमीटरने कमी झाली. जो वखर पूर्वी १० सेंटिमीटर खोल जात होता तो आता त्याच स्थितीत ७ सेंटिमीटरच जाईल. हाच तवा ४६ सेंटिमीटरवर आला तर ५ सेंटिमीटर खोली गेली. अशा वेळी स्पूल जमिनीला घासू लागतात आणि कितीही वजन ठेवले तरी वखर आत शिरत नाही. साधारणपणे व्यास १० सेंटिमीटरने घटला की तवा बदलावा.

तिसरी, गँगमधील समानता. एकाच आसावरील सर्व तवे एका गतीने फिरतात. त्यातील दोन लहान आणि सहा मोठे असतील तर लहान तवे जमिनीला नीट टेकत नाहीत. म्हणून एक-दोन नवे तवे जुन्या गँगच्या मधोमध घालू नयेत. पूर्ण गँगचे तवे बदलावेत. काढलेल्या तव्यांपैकी चांगले व सारख्या मापाचे जपून ठेवावेत, ते दुसऱ्या ओळीतील फुटलेल्या तव्याच्या जागी उपयोगी पडतात.

चौथी, चौकट. एका कोपऱ्यापासून समोरील कोपऱ्यापर्यंत दोरीने दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर चौकट तिरकी झाली आहे. जोडणीच्या कोपऱ्यांत व बेअरिंगच्या पायांजवळ भेगा शोधाव्यात.

दुरुस्त करावे की विकावे?

चौकट सरळ, आस सरळ आणि स्पूल अखंड असतील तर सर्व तवे व बेअरिंग गेलेले असले तरी वखर दुरुस्तीस योग्य समजावा. आस वाकलेले, स्पूल फुटलेले आणि चौकटीस तीन-चार ठिकाणी जुने जोड असतील तर त्यावर पैसा घालू नये. तेव्हा चांगले तवे, पिना व नट काढून घेऊन बाकीचे विकावे. शंका असल्यास तवे, बेअरिंग, वेल्डिंग व मजुरी यांची बेरीज कागदावर मांडून ती नव्या वखराच्या किमतीशी ताडून पाहावी. निम्म्याहून कमी खर्च येत असेल तर दुरुस्ती करणे श्रेयस्कर.

गँग खोलणे

खोलण्यापूर्वी प्रत्येक गँगवर रंगाने क्रमांक घालावा आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जोडताना स्पूल उलटा बसविण्याची चूक फार होते, ती यामुळे टळते.

आसाच्या टोकावरील नटाची कुलूपपट्टी किंवा फाटापिन आधी काढावी. नट गंजून अडकला असेल तर रात्रभर डिझेल किंवा रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून त्यावर सोडावे. सकाळी हातोड्याने सर्व बाजूंनी हलके ठोके देऊन लांब पान्याने सोडवावा. तवे फिरू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये लाकडाची खुंटी अडकवावी. तरीही नट सुटला नाही तर फक्त नटास गॅसची आच द्यावी, तव्यास देऊ नये. आच लागलेल्या तव्याचे पाणी उतरते. तो भाग मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत झिजतो किंवा वाकतो. याच कारणासाठी तव्याची धार भट्टीत तापवून ठोकण्याची जुनी पद्धत टाळावी.

तव्यांची दुरुस्ती

तवा दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवावा. मडके घेताना आपण जशी परीक्षा करतो तशीच ही परीक्षा आहे. आवाज खणखणीत आला तर तवा अखंड, बद्द आला तर भेग शोधावी. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून निघालेली भेग असलेला तवा वापरू नये आणि त्यास वेल्डिंगही करू नये. वेल्डिंगच्या शेजारी पोलाद ठिसूळ होते आणि तोच तवा पुढे काम करताना तुकडा होऊन उडण्याचा धोका असतो. भोक झिजून गोल झाले असेल तर पत्र्याची पाचर मारून तो फार दिवस चालत नाही. तोही बाजूला काढावा.

व्यास पुरेसा असून केवळ धार बोथट झाली असेल तर ग्राइंडरने धार लावता येते. ज्या बाजूने कारखान्यात धार दिलेली होती त्याच बाजूने, म्हणजे बहुतेक तव्यांत फुगीर बाजूने, घासावे. एकाच जागी ग्राइंडर धरू नये. काठ निळा पडू लागला तर तो तापला असे समजून थांबावे. कागदासारखी पातळ धार काढू नये, ती दगडाला लागताच दुमडते.

बेअरिंग व बुश

बिडाच्या बुशात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर बुश बदलावा. बैलजोडीच्या जुन्या वखरात लाकडी बुश आढळतात. ते नव्याने करावयाचे झाल्यास कठीण, पूर्ण मुरलेले लाकूड घेऊन तेलात चांगले भिजवून बसवावेत.

उघडे बॉल बेअरिंग डिझेलने धुऊन, कोरडे करून हाताने सावकाश फिरवावे. वाळूसारखी खरखर लागली तर बदलावे. नवे बेअरिंग बसविताना ते घरात ठोकावयाचे असेल तर बाहेरच्या कड्यावर आणि आसावर ठोकावयाचे असेल तर आतील कड्यावरच ठोका बसला पाहिजे. त्यासाठी योग्य मापाच्या पाइपाचा तुकडा वापरावा. चुकीच्या कड्यावर ठोकले की धक्का गोळ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते. चिखल आत येऊ नये म्हणून सीलचे ओठ बाहेरच्या बाजूला ठेवावेत.

चौकटीचे वेल्डिंग

तव्यास वेल्डिंग वर्ज्य असले तरी चौकटीचे लोखंड मऊ असल्याने तिला चालते. मात्र भेगेवरून नुसती रेघ ओढून उपयोग नाही. भेग जिथे संपते तिथे बारीक भोक पाडावे म्हणजे ती पुढे सरकत नाही. गंज व रंग काढून भेगेला ग्राइंडरने खाच करावी, ती भरून घ्यावी आणि वरून पट्टीचा आधार द्यावा. वखर ट्रॅक्टरपासून सोडवूनच वेल्डिंग करावे. अर्थिंगची पकड वेल्डिंगच्या अगदी जवळ चौकटीवरच लावावी. ती तव्याला लावली तर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जातो आणि आत ठिणग्या पडून गोळ्या व कडी खड्ड्यांनी खराब होतात. बेअरिंग सारखे का जाते याचे कारण कधी कधी हेच असते.

जोडणी

स्पूलचे खोलगट टोक तव्याच्या फुगीर पाठीकडे आणि फुगीर टोक तव्याच्या पोटाकडे ठेवून भाग ओवावेत. उलटे बसविल्यास स्पूल काठावरच टेकतो, नट आवळल्यासारखा वाटतो, पण दोन तासांत गँग सैल होते. नट आवळताना पान्याला दीड मीटर लांबीचा पाइप लावावा. आवळून झाल्यावर स्पूलवर लाकडी ठोकळा धरून हातोड्याने ठोके द्यावेत, भाग जागेवर बसतील. मग नट पुन्हा आवळावा. असे दोन-तीन वेळा करावे व शेवटी कुलूपपट्टी लावावी. नट आसालाच वेल्ड करून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती टाळावी. पुढे गँग सैल झाली तर ती आवळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो. बहुतेक तवे भोकाजवळ फुटतात ते सैल गँगमुळे, हे लक्षात ठेवावे.

खरडणी व तवा यांत ३ ते ६ मिलिमीटर अंतर ठेवावे. खरडणी घासत असेल तर ती ब्रेकसारखी काम करते. अंतर फार असेल तर मोरंड व कन्हार जमिनीत तव्यावर मातीचा थर चढतो आणि तवा कापण्याऐवजी घसरतो.

पहिल्या १५ मिनिटांच्या कामानंतर आणि पुन्हा दोन तासांनी सर्व नट तपासावेत. त्यानंतर रोज सकाळी एकदा तपासणे पुरे.

चालविताना येणारे दोष व उपाय

- वखर आत शिरत नाही : तवे झिजलेले किंवा बोथट, गँगचा कोन कमी, जमीन फार वाळलेली. आधी तवे पाहावेत, मग कोन वाढवावा.
- पुढची ओळ खोल, मागची वर : टॉप लिंक आखूड झाली आहे, थोडी लांब करावी. मागची खोल असेल तर आखूड करावी.
- कडेला वरंबा किंवा चर राहतो : पुढची ओळ जितकी माती एकीकडे टाकते तितकी मागची परत आणत नाही. दोन्ही ओळींची खोली समान करावी, मग मागील ओळीचा कोन बदलून पाहावा.
- ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो : दोन ओळींचा कोन किंवा खोली असमान, अथवा खालच्या कड्या एका पातळीत नाहीत.
- तवे वारंवार फुटतात : गँग सैल, वेग जास्त, किंवा वळणावर वखर न उचलणे.

शेवटचे कारण आपल्या भागात विशेष आहे. आपल्या बांध्या लहान असल्याने वळणे फार. जमिनीत रुतलेला वखर तसाच वळविला तर सर्व ताण आसावर आडवा येतो. म्हणून प्रत्येक वळणावर वखर उचलावा, वळून घ्यावा आणि सरळ झाल्यावरच खाली सोडावा. धुऱ्यावरून जातानाही वखर उचललेलाच असावा. वेग ताशी ५ ते ७ किलोमीटर ठेवावा.

वाफसा ओळखूनच वखरावे

मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. फुटला तर वाफसा आहे, चेपून तसाच राहिला तर जमीन ओली आहे. ओल्या कन्हार जमिनीत वखर घातल्यास उन्हात दगडासारखी ढेकळे होतात. एकाच खोलीवर वर्षानुवर्षे वखरणी केली तर खाली घट्ट थर बनतो. धानास पाणी धरून ठेवण्यासाठी तो उपयोगी असला तरी नंतरच्या हरभरा, जवसाच्या मुळांना तो अडवतो. ज्या बांधीत धानानंतर दुसरे पीक घ्यावयाचे आहे तिथे दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी.

वजनासाठी माणूस बसवू नये

हा मुद्दा मुद्दाम शेवटी घेतला आहे. वखर आत शिरत नसला की आपल्याकडे चौकटीवर एखाद्या गड्यास किंवा घरातील मुलाला बसवितात. मी शाळेत असताना आमच्या गावी असाच एक माझ्याच वयाचा मुलगा वखरावर बसला होता. चाक धुऱ्यावर चढले, झटका बसला आणि तो मागे तव्यांपुढे पडला. तो वाचला, परंतु त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. ट्रॅक्टर चालविणाऱ्यास मागचे दिसत नाही आणि ओरडणे इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. तो वखर आत का शिरत नव्हता, हे मला पुढे कृषी शिक्षण घेताना कळले. तवे झिजलेले होते. वजन वाढवावयाचेच असेल तर वाळूची पोती किंवा दगड चौकटीस घट्ट बांधावेत. माणूस कधीही नाही.

हंगाम संपल्यावर

चिखलात किंवा ओल्या बांधीत काम केले असल्यास त्याच संध्याकाळी वखर धुऊन बेअरिंगला ग्रीस द्यावे. निपल आधी फडक्याने पुसावा, नाहीतर निपलवरची मातीच आत ढकलली जाते. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत ग्रीस द्यावे. साध्या बुशास अर्ध्या दिवसातून एकदा, बॉल बेअरिंगला निपल असल्यास रोज एकदा ग्रीस पुरते. बंद प्रकारच्या बेअरिंगला ग्रीस लागत नाही.

ठेवताना तव्यांवर जुन्या इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवावा. ते बांधीत किंवा विहिरीजवळ सांडू देऊ नये. वखर मातीवर न ठेवता फळ्यांवर, छपराखाली ठेवावा. झाडाखाली ठेवलेला वखर दोन पावसाळ्यांत जितका गंजतो तितका तो दोन हंगामांच्या कामातही झिजत नाही.

तेव्हा या उन्हाळ्यात घरामागचा वखर एकदा बाहेर काढा, धुवा आणि एक तवा हाताने हलवून पाहा. दुरुस्तीबाबत शंका असल्यास हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारणा करावी. जाताना तव्यांच्या व्यासाची, चौकोनी भोकाच्या मापाची आणि बेअरिंगवरील क्रमांकाची चिठ्ठी सोबत न्यावी. मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा वखर तयार असेल तर पऱ्हे टाकण्यासाठी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत वाफसा घालविण्याची पाळी येणार नाही.